सायकलस्वाराचा जीव कशावर अवलंबून?

पहाटे अजून पुरते उजाडलेलेही नसते. भट्टीतून नुकतेच निघालेले पाव, उंडे आणि पोळ्या भरलेली टोपली सायकलीच्या कॅरियरवर बांधून पोदेर बाहेर पडतो. रबरी भोंग्याचा ‘पों पों’ आवाज वाड्यावाड्यांतून घुमू लागतो आणि गोव्याची सकाळ सुरू होते. पावसाळ्यात टोपलीतील पाव भिजू नयेत म्हणून त्यावर प्लास्टिकचे जाड आवरण काळजीपूर्वक घातलेले असते. पोदेराच्या सायकलीला मागे लाल दिवा मात्र क्वचितच आढळतो. वाड्यातील अरुंद वाटेवर त्याचे फारसे अडत नाही. पण पुढच्या वाड्यात जाण्यासाठी त्याला महामार्ग ओलांडावा लागतो आणि तेथेच त्याच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो.

पोदेर हे केवळ सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा या शहरांत बांधकाम मजूर, इमारतींचे सुरक्षारक्षक, रात्री उशिरा घरी परतणारे हॉटेल कामगार आणि शाळकरी मुले सायकलने ये-जा करतात. व्यायामासाठी किंवा पर्यावरणाच्या जाणिवेने सायकलकडे वळलेला सुशिक्षित वर्गही अलीकडे रस्त्यावर दिसू लागला आहे. रस्ता दोघांना सारखाच धोक्याचा असतो. फरक एवढाच, की दुसऱ्याला रस्ता धोक्याचा वाटला तर तो मोटार काढू शकतो. पहिल्याला तो पर्याय नसतो.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याच्या साधनाची नोंद घेण्यात आली. शेतीबाहेरील कामगारांपैकी अडीच कोटींहून अधिक लोक सायकलने कामावर जातात, असे तीत आढळले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यांत सायकलस्वारांची संख्या सुमारे ४,८०० होती. म्हणजे देशात दररोज सरासरी १३ सायकलस्वार रस्त्यावर प्राण गमावतात. याच वर्षी मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार आणि सुमारे १९ टक्के पादचारी होते. ज्यांच्या भोवती पत्र्याचे कवच नाही, अशांचेच रक्त भारतीय रस्त्यांवर अधिक सांडते, हे या आकड्यांतून स्पष्ट होते.

गोव्याचे चित्र वेगळे नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. आज येथे नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या पंधरा लाखांच्या पुढे गेली आहे. त्यांत पर्यटकांची आणि भाड्याची वाहने मिसळतात. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी राज्यात अडीचशेहून अधिक जणांचा रस्त्यावर बळी गेला.

वेगाचे साधे गणित

अपघात झाला की पहिला प्रश्न विचारला जातो तो सायकलस्वाराने हेल्मेट घातले होते का, हा. खरे तर पहिला प्रश्न धडक देणारे वाहन किती वेगात होते, हा असायला हवा.

धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार या एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर आणखी ५ मीटर जाऊन थांबते. एकूण अंतर झाले १३ मीटर. हाच वेग ५० असेल तर ब्रेक लागण्यापूर्वीच मोटार १४ मीटर पुढे गेलेली असते आणि थांबेपर्यंत एकूण २८ मीटर अंतर कापते. वेग ६० असेल तर ३६ मीटर लागतात.

आता १५ मीटरवर अचानक सायकल आडवी आली अशी कल्पना करावी. ३० च्या वेगातील मोटार तिच्या अलीकडे थांबते. ५० च्या वेगातील मोटार त्या क्षणी जेमतेम ब्रेक दाबण्याच्या बेतात असते आणि जवळजवळ पूर्ण वेगाने धडकते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ३० च्या तुलनेत ५० च्या वेगातील धडक पावणेतीन पट जबर असते. सायकलस्वाराची चूक दोन्ही प्रसंगी तीच असते. एका प्रसंगी तो घाबरून घरी जातो, दुसऱ्या प्रसंगी त्याला घरी आणले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक परिषदेने, पादचारी व सायकलस्वार जेथे वाहनांत मिसळतात तेथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर ठेवावा, असे आवाहन केले.

अपघात नेमका कोठे होतो?

सायकलस्वाराला सर्वांत जास्त भीती मागून येणाऱ्या वाहनाची वाटते. अंधाऱ्या महामार्गावर ही भीती रास्तच आहे. मात्र शहरात धोक्याची खरी जागा असते चौक. डावीकडे वळणारे वाहन डाव्या कडेने सरळ जाणाऱ्या सायकलला कापून जाते. बस किंवा ट्रक असेल तर धोका अधिक, कारण चालकाला डाव्या बाजूचा बराचसा भाग दिसत नाही. शिवाय लांब वाहन वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतल्या बाजूने, पदपथाच्या जवळून फिरतात. पुढचा भाग सुखरूप निघून गेला म्हणून निश्चिंत झालेला सायकलस्वार मागच्या चाकाखाली सापडतो तो यामुळे.

दुसरा धोका उभ्या मोटारींचा. रस्त्याच्या कडेला लावलेल्या मोटारीचे उजवे दार चालक मागे न पाहता उघडतो आणि सायकलस्वार त्यावर आपटून रहदारीत फेकला जातो. पणजीच्या अठरा जून रस्त्यासारख्या, दोन्ही बाजूंना वाहने लागलेल्या बाजारपेठेत हा धोका पावलोपावली असतो.

तिसरा धोका रस्त्याच्या पृष्ठभागाचा. डांबराची तुटलेली कड, कडेला साचलेली वाळू, चाकाच्या दिशेने समांतर गजांची गटाराची जाळी आणि पाण्याने भरलेला खड्डा या गोष्टी मोटारीला हादरा देतात, सायकलला मात्र खाली पाडतात. गोव्यात जून ते सप्टेंबर हे चार महिने त्यांत भर घालतात. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर पकड घेत नाही, उतारावर सायकल थांबता थांबत नाही आणि पावसाच्या पडद्यामागचा स्वार मोटारचालकाला दिसत नाही.

पट्टा रंगवला म्हणजे मार्ग झाला नाही

यावर सायकलींसाठी वेगळा मार्ग हा उपाय नेहमी सुचवला जातो. तो योग्यच आहे. पण तो कसा बांधला जातो यावर सारे अवलंबून असते. पुण्याचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक रस्त्यांच्या कडेने सायकल मार्ग तयार झाले. त्यांत मध्येच विजेचे खांब आले, कोठे दुकानांचे फलक आले, कोठे दुचाकी उभ्या राहिल्या. मुख्य म्हणजे बहुतेक मार्ग चौकापाशी येऊन संपत. जेथे संरक्षणाची गरज सर्वांत जास्त, नेमके तेथेच स्वाराला वाऱ्यावर सोडले जाई. त्यामुळे सायकलस्वारांनीच ते वापरायचे टाळले. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. मार्ग सलग असला पाहिजे, हा जुन्या अनुभवाचा धडा आहे.

स्पेनमधील सेव्हिल शहराने २००६ पासून नेमके हेच केले. रहदारीपासून कठड्याने अलग केलेले आणि एकमेकांना जोडलेले सुमारे १२० किलोमीटर मार्ग काही वर्षांत बांधले. सायकलींचा वापर कित्येक पटींनी वाढला आणि प्रत्येक फेरीमागे असलेला अपघाताचा धोका कमी झाला. रस्त्यावर सायकली वाढल्या की चालकांच्या नजरेलाही त्यांची सवय होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली तर प्रत्येकाचा व्यक्तिगत धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो.

आज सायकलींचा देश म्हणून गौरवला जाणारा नेदरलँड्सही जन्मतः तसा नव्हता. १९७१ साली त्या लहानशा देशात तीन हजारांहून अधिक लोक रस्त्यावर मरण पावले. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, मुलांचे बळी थांबवा अशी मागणी घेऊन चळवळ उभी राहिली आणि हळूहळू रस्तेच बदलले. आज तेथील वार्षिक मृत्यूंचा आकडा सातशेच्या आसपास आहे.

गोव्यात अरुंद रस्ते आणि चढ-उतार यांमुळे सर्वत्र वेगळा मार्ग शक्य नाही, हे मान्य करावे लागेल. पण मांडवीच्या काठाने मिरामारकडे जाणारा दयानंद बांदोडकर मार्ग सपाट आणि रुंद आहे. तेथे कठड्याने अलग केलेला मार्ग होऊ शकतो. पणजी-रायबंदर जुन्या पुलासारख्या सरळ, अरुंद रस्त्यावर जागा नाही; तेथे वेग कमी करणे हाच उपाय उरतो. गावांतून, शाळांवरून आणि बाजारांतून जाणाऱ्या रस्त्यांना तर तोच उपाय सर्वांत स्वस्त आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार विशिष्ट रस्त्यांवर वेगमर्यादा घालण्याचा अधिकार राज्याकडे आहे.

सायकलस्वाराच्या हाती काय?

रस्ते बदलायला वेळ लागेल. तोपर्यंत काही गोष्टी स्वाराला आजपासून करता येतात.

पहिली गोष्ट दिव्याची. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हा सायकलवरील सर्वांत मोलाचा खर्च आहे. दिव्याविना काळ्या कपड्यांतील स्वार अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. चाकांवरील आणि पेडलवरील परावर्तकही उपयोगी पडतात. हलणारा प्रकाश नजरेत लवकर भरतो.

दुसरी गोष्ट जागेची. अगदी कडेला, गटारालगत चालवणे सुरक्षित वाटते. पण तेथे वाळू आणि खड्डे असतात आणि मागच्या वाहनाला चिंचोळ्या जागेतून घुसण्याचा मोह होतो. कडेपासून सुमारे एक मीटर आणि उभ्या मोटारींपासून दाराच्या रुंदीएवढे अंतर ठेवून सरळ रेषेत चालवावे. वळण्यापूर्वी मागे पाहून हात दाखवावा. थांबलेल्या बस-ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे सरकू नये.

तिसरी गोष्ट दिशेची. समोरचे वाहन दिसते म्हणून अनेकजण उलट्या बाजूने सायकल चालवतात. सायकल १५ आणि मोटार ४५ च्या वेगात असेल, तर योग्य बाजूने जाताना दोघांच्या वेगातील फरक ३० असतो. उलट दिशेने तोच ६० होतो. शिवाय चौकात वळणारा चालक त्या बाजूला पाहतच नाही.

राहिले हेल्मेट. ते जरूर वापरावे. चाळीस अभ्यासांच्या २०१६ सालच्या एकत्रित विश्लेषणात, हेल्मेटमुळे डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे दोन तृतीयांशाने घटते, असे दिसून आले. मात्र त्याची मर्यादाही ओळखावी. युरोपीय मानकानुसार सायकलचे हेल्मेट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाच्या आघाताला तपासले जाते. ते पडण्यापासून वाचवते. भरधाव ट्रकपासून नव्हे.

मोटारचालकाने करावयाच्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत. सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे. तेवढी जागा नसेल तर मागे थांबावे. डावीकडे वळण्यापूर्वी डावा आरसा पाहावा. उभ्या मोटारीचे उजवे दार डाव्या हाताने उघडावे. तसे करताना शरीर आपोआप वळते आणि नजर मागे जाते.

मदत मिळते, पण माहीत हवी

सायकलस्वाराकडे परवाना नसतो, विमाही नसतो. म्हणून भरपाई मिळत नाही, हा गैरसमज आहे. मोटारीने धडक दिली तर तो किंवा त्याचे कुटुंब मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकते. धडक देऊन वाहन पळून गेले तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. मे २०२५ पासून मोटार अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे रोकडरहित उपचार देण्याची योजनाही अधिसूचित झाली आहे. परप्रांतातून आलेल्या मजुराच्या कुटुंबाला हे कळतच नाही. शेजारी, कंत्राटदार किंवा पंचायत सदस्य यांनी ते सांगणे हीसुद्धा मदतच ठरते.

कायदा रस्ता बांधणाऱ्यालाही मोकळा सोडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याची रचना वा देखभाल ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शहराच्या रस्त्यांची पारख त्यावरून मोटारी किती वेगाने धावतात यावरून नेहमी केली जाते. पोदेर टोपली रिकामी करून रोज सुखरूप घरी परततो का, यावरून ती करून पाहावी. जो रस्ता त्याला सुरक्षित असेल, तो शाळेत जाणाऱ्या मुलालाही असेल आणि संध्याकाळी फिरायला निघालेल्या आजोबांनाही.