कॉम्प्युटर घ्यायचा, पण कशासाठी?



मागच्या महिन्यात नेसरीतल्या आमच्या गटांच्या बैठकीत एक विषय निघाला आणि त्यावर दोन तास गेले. विषय होता, ग्रामसंघासाठी कॉम्प्युटर घ्यायचा का? एक म्हणाली लॅपटॉपच घेऊ. दुसरी म्हणाली, माझ्या पोराचा जुना पडून आहे, तोच घ्या. तिसरीनं टीव्हीवर जाहिरात बघितली होती, तिला डब्याएवढा छोटा कॉम्प्युटर हवा होता. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एक काकू बोलल्या, "अगं, मोबाईल हाय की सगळ्यांच्या हातात. मग पैसं कशाला घालवताय?"

सगळ्या हसल्या. मी मात्र काकूंचा प्रश्न वहीत लिहून घेतला. कारण याआधी एकदा आम्ही हा प्रश्न न विचारताच कॉम्प्युटर घेतला होता, आणि तो अंगाशी आला होता.

तेव्हा आम्ही एका विक्रेत्याकडून जुना, मोठ्या डब्याचा कॉम्प्युटर आणला. "बिल नको असेल तर आणखी स्वस्तात देतो," असं तो म्हणाला आणि आम्ही खूश झालो. बटण दाबल्यावर तो सुरू होईपर्यंत चहा उकळून कपात यायचा. तरी चालवला. दोन वर्षांची बचत, कर्ज, व्याज, सगळं त्यात भरलं. एका पावसाळ्यात संध्याकाळी लाईट गेली, आली, परत गेली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडलाच नाही. आतली हार्ड डिस्क गेली होती. बिल नव्हतं, त्यामुळं तक्रार कुठं करणार? आमच्या सचिव ताईंनी हट्टानं कागदी रजिस्टर चालू ठेवलं होतं म्हणून हिशेब वाचला. दोघीजणींनी तीन आठवडे बसून तो पुन्हा उतरवून काढला. दोष विक्रेत्याचा होता, तेवढाच आमचाही होता. आम्ही त्याला एकच प्रश्न विचारला होता, "कितीला?"

म्हणून आज मी कुठल्या कंपनीचा कॉम्प्युटर घ्या हे सांगणार नाही. दुकानात जाण्याआधी काय ठरवायचं आणि दुकानात काय बघायचं, ते सांगणार आहे.

आधी आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट ऐका. १९९८ मध्ये वारणानगरला केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून एक मोठा प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं कॉम्प्युटरनं जोडायची, असं ठरलं. गावोगावी केंद्रं निघाली. शेतकऱ्याला पिकाचे भाव कळतील, शेतीची माहिती मिळेल, सरकारी कामं गावातच होतील, अशी मोठी स्वप्नं होती. पण काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा दिसलं, की लोक त्या केंद्रांवर मुख्यतः मोजक्याच कामांसाठी येत होते. उसाचं वजन किती भरलं, तोडीची परवानगी, खताचा हिशेब, असली ती कामं. शिवाय विजेची अडचण आणि यंत्रांची देखभाल होतीच. मग बंगळूरच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथल्या सात गावांत एक प्रयोग केला. कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाईल वापरला. शेतकऱ्यानं एसएमएस पाठवायचा आणि वजनाचा आकडा एसएमएसनंच परत यायचा. काम भागलं. याचं टिपण २००७ मध्ये छापून आलं.

म्हणजे आमच्या काकू काही चुकीचं बोलत नव्हत्या. जे काम मोबाईलवर होतं, त्यासाठी कॉम्प्युटर घेऊ नये. बँकेतली शिल्लक बघणं, फोटो पाठवणं, निरोप देणं, फॉर्म भरणं हे फोनवर होतं. उमेदच्या लोकोस ॲपवर गटाची माहितीसुद्धा फोनवरच भरली जाते.

मग उरतं काय? बैठकीत आम्ही एक कागद घेतला आणि प्रत्येकीला विचारलं, "तुला त्याच्याकडून काय करून घ्यायचंय?" मसाला करणाऱ्या गटाला पाकिटावरची लेबलं छापायची होती. त्यावर घटक, वजन, तारीख, अन्न परवान्याचा नंबर, सगळं बारीक अक्षरात नीट बसायला हवं. काजूवाल्या गटाला बँकेत द्यायचा प्रकल्प अहवाल करायचा होता. मला तीस-चाळीस सदस्यांचा वर्षाचा हिशेब एका तक्त्यात हवा होता. दोघींना मुलींना टायपिंग शिकवायचं होतं.

आणि एक बाई म्हणाली, "मला फक्त माझं खातं बघायचंय. दर बारीला हिशेब कुणाच्या तरी फोनमधी असतो."

मैत्रिणींनो, मला वाटतं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. फोन एकीच्या पर्समध्ये असतो. त्यातला हिशेब तीच बघते, बाकीच्या ऐकून घेतात. टेबलावर मोठा पडदा असला की दहाजणी एकदम बघू शकतात. जिला वाचायला वेळ लागतो, तिलाही आपल्या नावासमोरचा आकडा बोट ठेवून दाखवता येतो. गट विश्वासावर चालतो आणि विश्वास डोळ्यांनी बघितलेल्या आकड्यावर टिकतो. एवढ्या एका कारणासाठी कॉम्प्युटर घेणं मला पटलं.

कागद तयार झाला. आता त्या कामांना कसलं यंत्र पुरेल ते बघू.

पहिला प्रश्न डब्याचा. आमच्या कामाला मोठा डबा लागत नाही. जाडजूड पुस्तकाएवढे छोटे कॉम्प्युटर आता नवे मिळतात, जुनेही मिळतात. मोठ्या कंपन्या आपल्या ऑफिसातले कॉम्प्युटर काही वर्षांनी बदलतात आणि तेच साफ करून, दुरुस्त करून बाजारात येतात. लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी ही त्यातली नावं तुमच्या कानावर येतील. लॅपटॉपच्या मानानं यात फायदा असा, की कीबोर्ड बिघडला तर कीबोर्डच बदलायचा, पडदा गेला तर पडदाच. एचडीएमआयची जागा असलेला टीव्ही सभागृहात असेल तर सुरुवातीला पडद्याचा खर्चही वाचतो. मात्र घरोघरी फिरून काम करायचं असेल तर लॅपटॉपच बरा, कारण छोट्या डब्याला स्वतःची बॅटरी नसते.

दुसरा प्रश्न वेगाचा. दुकानदार रॅम आणि स्टोरेज असे दोन शब्द बोलेल. घाबरू नका. स्टोरेज म्हणजे घरातलं कपाट, आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कपाटात सगळं साठवलेलं असतं, पण काम ओट्यावर होतं. ओटा लहान असला की एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही, तसा कमी रॅमचा कॉम्प्युटर अडखळतो. आपल्या कामाला आठ जीबी रॅम घ्यावी. चार जीबीवर सुरू होईल, पण वर्षभरात चिडचिड होईल.

कपाट घेताना मात्र एसएसडीच मागा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरत असते. धक्का बसला किंवा वीज अचानक गेली की तिला इजा होऊ शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, म्हणून ती वेगानं उघडते आणि धक्के सोसते. २५६ जीबी आपल्याला भरपूर झाली. आमचा पहिला कॉम्प्युटर चहा उकळेपर्यंत सुरू व्हायचा नाही, त्यात हार्ड डिस्कचा मोठा वाटा होता.

तिसरा प्रश्न फार थोड्या बायका विचारतात, तो म्हणजे त्यातली विंडोज कुठली आणि कुणाची. विंडोज १० ला कंपनीनं दिलेला नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून जुना कॉम्प्युटर घेताना त्याच्यावर विंडोज ११ रीतसर चालते का, ते विचारा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा लागतो. ओळखायचं कसं? आय-फाइव्ह ८५०० असं लिहिलं असेल तर पहिला आकडा आठ, म्हणजे आठवी पिढी. १०४०० असेल तर दहावी. ६५०० असेल तर सहावी, तो सोडून द्या. नव्या छोट्या डब्यांत इंटेलचा एन-१०० नावाचा प्रोसेसर बरेचदा असतो. हिशेब, टायपिंग आणि इंटरनेट एवढ्या कामांना तो पुरतो.

चोरीची विंडोज टाकून "फुकट देतो" म्हणणाऱ्याला हात जोडा. ग्रामसंघाचे पैसे आणि सदस्यांची माहिती त्यात असणार आहे. विंडोजचा खर्च झेपत नसेल तर लिनक्स मोफत आणि रीतसर मिळतं. हिशेबाचे तक्ते करायला लिबरऑफिससुद्धा मोफत आहे.

चौथा प्रश्न मराठीचा. पूर्वी मराठी टाइप करायचे फॉन्ट वेगवेगळे असायचे. एका कॉम्प्युटरवर लिहिलेलं दुसऱ्यावर उघडलं की नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसायची. आमच्या पहिल्या कॉम्प्युटरमध्ये तसाच जुना फॉन्ट होता. बँकेत पाठवलेला अहवाल तिथं कुणालाच वाचता आला नाही. आता युनिकोडमध्ये लिहिलं की फोनवर, बँकेत, तालुक्याला, सगळीकडं तेच अक्षर दिसतं. इनस्क्रिप्ट हा मराठीचा कीबोर्ड विंडोजमध्ये आणि लिनक्समध्येही असतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. दुकानातच बसून चार शब्द टाइप करा. 'शेतकऱ्याचा', 'ज्ञानदा', 'कृष्णाबाई', 'ॲप'. नीट उमटले तर त्यांची प्रिंट काढायला सांगा. पडद्यावर बरोबर आणि कागदावर चूक, असंही होतं.

पाचवा प्रश्न विजेचा. आपल्याकडं पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. छोटा कॉम्प्युटर आणि पडदा मिळून साधारण चाळीस वॉट धरा. रोज पाच तास, महिन्यात पंचवीस दिवस चालवला तर पाच युनिट होतात. जुना मोठा डबा आणि त्याचा पडदा मिळून एकशे वीस वॉट धरले तर तेवढ्याच वापराला पंधरा युनिट. बिलातला फरक फार मोठा नाही, पण दुसरा फायदा मोठा आहे. ओढ कमी असल्यामुळं तोच यूपीएस छोट्या डब्याला जास्त वेळ तग धरतो. चाललेलं काम सेव्ह करून शांतपणे बंद करता येतं. यूपीएस मागनं घेऊ म्हणू नका, कॉम्प्युटरबरोबरच घ्या. खोलीतलं अर्थिंग तपासून घ्या आणि विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवा.

सहावा प्रश्न, बिघडला तर कोण बघणार? वॉरंटी किती आहे, माणूस गावात येणार की डबा घेऊन आपण गडहिंग्लजला, कोल्हापूरला किंवा बेळगावला जायचं, हे आधी विचारा. एसटीचा खर्च आणि बुडालेला दिवस हाही किमतीतच धरा. हजार-दोन हजारांनी महाग, पण तालुक्याच्या दुकानदारानं हमी लिहून दिलेला डबा मला ऑनलाइन स्वस्त डब्यापेक्षा बरा वाटतो. आणि बिल जीएसटीचं, ग्रामसंघाच्या नावावर, मशीनचा नंबर टाकलेलं घ्या. ऑडिटला तेच लागतं आणि भांडायलाही तेच लागतं.

आता किमतीकडं या. दुकानदार डब्याची किंमत सांगतो. आपण बेरीज करायची ती डबा, पडदा, कीबोर्ड, माउस, यूपीएस, प्रिंटर, शाई, पेन ड्राइव्ह आणि वर्षाचं इंटरनेट या सगळ्याची. प्रिंटरची नुसती किंमत बघू नका, एका पानाला शाईचा खर्च किती येतो ते विचारा. लेबलं रोज छापणार असाल तर तिथंच पैसे जातात. ही बेरीज तीन दुकानांतून लेखी आणा आणि बैठकीत सगळ्यांसमोर वाचा.

शेवटचं सांगते. कॉम्प्युटर आला म्हणून रजिस्टर कपाटात टाकू नका. पंचसूत्रीतला नियमित हिशेब म्हणजे कागदावर सह्यांसह लिहिलेला हिशेब. कॉम्प्युटर त्याचा सोबती आहे. दर बैठकीनंतर एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या खोलीत ठेवू नका, दुसऱ्या घरी ठेवा. पासवर्ड दोघींना माहीत असू दे. एकीलाच माहीत असला की हिशेब पुन्हा एकाच पर्समध्ये गेला म्हणून समजा.

आमचा निर्णय अजून झालेला नाही. कागद तयार आहे, तीन दुकानांचे दर मागवलेत. काकूंना आम्ही खरेदी समितीत घेतलंय. त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतंय?" मी म्हटलं, "काकू, तुम्ही तोच प्रश्न दुकानातबी विचारा."

तुमच्या गटात असा विषय निघाला तर पुढच्या बैठकीत एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला कामं लिहा. जी फोनवर होतात ती खोडा. जी उरतील तेवढीच घेऊन दुकानात जा. काहीच उरलं नाही, तर पैसे बचत खात्यात राहू द्या, तेही चांगलंच आहे.