‘आढळले नाही’ म्हणजे काय?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध प्रयोगशाळांत एचपीएलसी यंत्रे रोज चालतात. द्रावणातले घटक स्तंभातून कमी-अधिक वेगाने सरकतात, वेगळे होतात आणि आलेखावर शिखरे उमटतात. दोन घटक एकत्रच बाहेर पडले, तर मात्र शिखर एकच दिसते. द्रावक बदलून किंवा बारीक कणांचा स्तंभ वापरून ते सुटे करता येतात.

२०१८ मध्ये वलसार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे संभाव्य कर्करोगकारक द्रव्य सापडले. त्याची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. इतका अंश नेहमीच्या शुद्धता चाचणीतून निसटतो. त्यासाठी स्तंभापुढे मास स्पेक्ट्रोमीटर जोडतात.

म्हणून अहवालात ‘आढळले नाही’ दिसले की मी विचारतो : कोणत्या पद्धतीने, आणि किती प्रमाणापर्यंत?