तीन मांजरं, एक झाड: डुलणाऱ्या कॅट ट्रीचं काय करायचं?

या वेळचा प्रश्न मुरबाडच्या एका ताईंच्या व्हॉइस नोटमधून आलाय. घरात पाच किलोचा बोका, तीन किलोची भाटी आणि किलोभराचं पिल्लू. ऑनलाइन मागवलेला कॅट ट्री बोक्याने उडी मारली की डुलतो, आणि पिल्लू नेमकं त्याच्याच खाली झोपतं. दुसरा घ्यायचा तर कुठला?

मी आटगावात बसून कोड लिहितो, सुतारकाम माझा विषय नाही. पण हा मामला अकरावीच्या फिजिक्सचा आहे, म्हणून बोलतो.

समजा ट्री सात किलोचा, तळ ४० सेंटीमीटर चौरस. म्हणजे मधोमध असलेलं वजन तळाच्या कडेपासून २० सेंटीमीटर आत. सात गुणिले वीस, १४०. ही ट्रीला धरून ठेवणारी ताकद. आता वरची फळी तळाच्या बाहेर १५ सेंटीमीटर आलीय आणि तिच्या टोकावर बोका बसलाय. पाच गुणिले पंधरा, ७५. ठीक, उभा राहील. पण बोका हळूच येऊन बसतो का? एकदम पडलेला भार निदान दुप्पट धरायचा असतो. झाले १५०. गेला तोल! आणि ही फक्त खाली दाबणारी ताकद झाली. वरून उडी मारताना मागे लाथ बसते ती वेगळीच.

म्हणून जाहिरातीत ‘किती किलो पेलतो’ लिहिलंय ते मी दुसऱ्या नंबरला बघतो. तो आकडा फळी मोडण्याचा, ट्री कलंडण्याचा नव्हे. आधी तळाची रुंदी, मग वजन, मग उंची.

जुना ट्री फेकायची मात्र गरज नाही. ६० बाय ६० ची अडीच सेंटीमीटर जाड शहाबादी लादी घ्या. एकटी लादी साधारण २३ किलो भरते. ट्रीचा तळ तिच्यावर बोल्टने घट्ट बसवा. आता तीस किलो गुणिले तीस सेंटीमीटर, ९००. फळी कडेबाहेर पाचच सेंटीमीटर उरली, त्यामुळे बोक्याची उडी झाली ५०. फरक दिसला ना?

त्यावर वरच्या बाजूला एल पट्टीने ट्री भिंतीला जखडा. भिंत कुडाची असेल तर स्क्रू धरणार नाही, तिथे घराच्या खांबालाच बांधा.

आता मापं. फळी सगळ्यात मोठ्या मांजरावरून ठरवायची, पायऱ्या सगळ्यात लहानावरून. बोक्याला ४५ सेंटीमीटर लांब फळी लागते, पिल्लाला २०-२५ सेंटीमीटरवर पुढची पायरी. नखं घासायचा खांब ७५-८० सेंटीमीटर हवा, म्हणजे बोका पूर्ण ताणून उभा राहू शकतो. आणि वर जायला दोन वाटा ठेवा. एकच वाट असली की बोका मध्ये ठाण मांडतो आणि बाकीचे वर अडकतात. आमच्याकडे लोकलच्या दारात जे होतं, तेच.

मटेरियलबद्दल एकच सांगतो: एमडीएफ नको. तानसा आणि भातसा धरणं आपल्या शहापूर तालुक्यात आहेत, म्हणजे पाऊस किती ते वेगळं सांगायला नको. ओल लागली की एमडीएफ फुगतो आणि स्क्रू सैल होतात. वखारीतून सागाचे तुकडे किंवा चांगला प्लाय आणा. खिळे नकोत, स्क्रूच हवेत. आणि वाळवी लागली नाही ना, हे बघत जा.

खांबासाठी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप चालतो. त्यावर घायपाताचा किंवा काथ्याचा दोर. आठ मिलिमीटरचा दोर ६० सेंटीमीटर उंचीवर ७५ वेढे घेतो, एक वेढा ३७ सेंटीमीटरचा. एकूण २८ मीटर. तीस मीटर आणा. नायलॉन नको. त्याचे धागे सुटतात, मांजर गिळतं आणि ते आतड्यात अडकू शकतात.

ट्री पुसायला फिनाईल अजिबात वापरू नका. फिनॉल मांजराच्या लिव्हरला नीट पचवता येत नाही, आणि पाय चाटणं तर त्यांचं दिवसभर चालूच. साबणाचं पाणी पुरे.

ताई, लादी बसवलीत की वरची फळी धरून हाताने जोरात हलवून बघा. तळ जागचा उचलला गेला तर अजून काम बाकी आहे. तोवर पिल्लाचं अंथरूण दुसऱ्या कोपऱ्यात न्या.