झाऱ्यातून दिसलेलं ग्रहण

२५ ऑक्टोबर २०२२. लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. ढोकीच्या आमच्या घरात फराळाचे डबे भरलेले आणि प्रत्येक डब्यात आज्जीने तुळशीचं पान टाकलेलं. संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. वहिनी पाच महिन्यांची गरोदर. तिला दुपारीच आतल्या खोलीत बसवलं, खिडकीला चादर लावली. काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, दिवस मावळेपर्यंत पाण्याचा घोटही नाही.

मी तेव्हा फर्स्ट इयरला होते. पाचच्या सुमारास पुऱ्या तळायचा झारा घेऊन अंगणात गेले. झारा उन्हात धरला की त्याच्या प्रत्येक भोकातून समोरच्या भिंतीवर गोल कवडसा पडतो. त्या दिवशी मात्र एकही कवडसा पूर्ण गोल नव्हता. भाकरीचा घास तोडावा तसा प्रत्येकाचा एक तुकडा गायब! कारण तो कवडसा भोकाचा आकार दाखवत नाही, तो सूर्याचंच उलटं चित्र असतो. भोक बारीक हवं आणि भिंत दोन-तीन पावलं लांब, बस्स. लिंबाच्या पानांमधल्या फटीसुद्धा हेच काम करतात.

गल्लीतली पोरं जमली, मग बायका. आज्जी उंबऱ्यापर्यंत आली. "आगं, खरंच खाल्ल्यावानी दिसायलंय की," म्हणाली आणि झारा माझ्या हातातून घेऊन स्वतः धरून बसली. मी फोटो काढले, स्टेटस ठेवलं. लई भारी वाटलं.

रात्री वहिनी बाहेर आली. ओठ सुकलेले. "बाहीर लई हसायलते सगळे. काय झालतं?"

तिला दाखवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ग्रहणाची खरी भीती जिला घातली होती, तिला सोडून मी अख्ख्या गल्लीला विज्ञान दाखवलं होतं.

आता मास कॉमचा अभ्यास करताना 'विज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणं' हा विषय आला की मला तो झारा आठवतो. आपल्याकडे २८ फेब्रुवारीला कॉलेजात काय होतं, तुम्हाला माहीत आहेच. १९२८ मध्ये त्या दिवशी रामन यांनी आपला शोध जाहीर केला, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. रांगोळी, पोस्टर, प्रमुख पाहुण्यांची पीपीटी, नाश्ता. आलेले सगळे सायन्सचेच. (नाश्त्याला आर्ट्सवालेही येतात.) त्याच दिवशी पुणे जिल्ह्यातल्या खोडदला जीएमआरटी दुर्बिणीच्या आवारात प्रदर्शन भरतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ती दुर्बीण ज्यांच्या शेताशेजारी उभी आहे, ती माणसंही ते बघायला येतात. ही तबकडी नक्की काय ऐकते, हे तिथल्या शास्त्रज्ञाला समोरासमोर विचारता येतं.

पण मला सगळ्यात जास्त पटलेलं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं. २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणात तिथल्या एका गर्भवतीने अंनिसच्या कार्यकर्त्यांसोबत भाजी चिरली, पानं-फुलं तोडली, खास चष्म्यातून ग्रहण बघितलं. म्हणजे जे जे 'करू नको' म्हणतात ते सगळं. पुढे बाळ सुदृढ जन्मलं. आता एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे सायन्सवाले लगेच सांगतील आणि ते बरोबरच आहे. चंद्र मधे आला की ऊन कमी होतं, त्यात वेगळा कुठला किरण तयार होत नाही, हे कारण त्याआधीपासूनच पक्कं आहे. धोका आहे तो नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे बघण्याचा, आणि तो गरोदर बाईला, आज्जीला, तुम्हाला, सगळ्यांना सारखाच. पण हे कारण शंभर वेळा ऐकलेल्या सासूला एक सून समोर विळीवर बसलेली दिसणं, ही गोष्ट वेगळी.

पुढची संधी २ ऑगस्ट २०२७, सोमवार, दिव्यांची अवस. इजिप्तमध्ये खग्रास, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास, अर्थात ढग नसतील तर. तुमच्या गावात कार्यक्रम ठेवणार असाल तर तो शाळेच्या मैदानावर ठेवू नका. तिथे पोरं येतील, गरोदर बाया येणार नाहीत. घराच्या अंगणात ठेवा, झारा किंवा चाळणी सासूच्या हातात द्या. आशाताईंना आधीच सोबत घ्या, त्यांचं बोलणं घरात ऐकलं जातं. एक्स-रे फिल्म आणि गॉगल चालत नाहीत, हे मात्र ठणकावून सांगा.

रंगीत तालीम हवी असेल तर शून्य सावलीचा दिवस आहेच. ढोकीत दर वर्षी १३ मेच्या आसपास, दुपारी साधारण १२ वाजून २२ मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या तांब्याची सावली तांब्याखालीच गडप होते. जुलैअखेरीला परत तेच होतं, पण तेव्हा आभाळाचा भरवसा नाही. याला ना खर्च, ना सोवळं-ओवळं, त्यामुळे कुणी अडवत नाही.

वहिनीची लेक ग्रहणाच्या वेळी चार वर्षांची असेल. आमच्या चुलत वहिनीचंही नुकतंच लग्न झालंय, त्यामुळे आज्जीकडे मी आत्तापासूनच विषय काढून ठेवलाय. झारा धरायला ती तयार आहे. सुनेला बाहेर आणण्याबद्दल म्हणाली, "तवाचं तवा बघू."