सिनेमाच्या वेशीवर दिल्लीचे बँड

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये दोन भाषांमधली भिंत फार पातळ असते. खाली तमिळ कुटुंब, समोर बंगाली सेक्शन ऑफिसर, वरच्या मजल्यावर गढवाली, आणि मधेच आमच्यासारखं एखादं मराठी घर. सेक्टर ७च्या टेकडीवर मलाई मंदिर आहे, सेक्टर ५मध्ये दिल्ली तमिळ संगम आहे, आणि मुनीरका ओलांडलं की जेएनयू लागतं. इथे वाढलेल्या मुलाच्या कानावरून दहावी होईपर्यंत पाच-सहा भाषांतली गाणी गेलेली असतात. रस्त्यावर तो हिंदी बोलतो आणि कॉलेजात पाऊल टाकलं की इंग्रजी. दिल्लीच्या कॉलेजांतून निघालेल्या रॉक बँडांचा माग काढू लागलो, तेव्हा हा शेजार मला पुन्हा पुन्हा आठवत राहिला. हे बँड लोकांपर्यंत कसे पोचले, याचं बरंचसं उत्तर त्यांनी कोणत्या भाषेत गायचं ठरवलं यात सापडतं. उरलेलं उत्तर मात्र सिनेमापाशी जाऊन थांबतं, आणि तिथे गोष्ट अवघड होते.

मराठी वाचकाला हा प्रवास अनोळखी नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेतून निघालेला मुलगा प्रायोगिक रंगभूमीवर चार वर्षं काढतो, मग व्यावसायिक नाटकात, मालिकेत, सिनेमात दिसू लागतो. तो तिकडे गेला म्हणजे वाढला की बिघडला, यावर आपण वर्षानुवर्षं भांडत आलो आहोत. रॉकमध्ये हेच भांडण अमेरिकेत ऐंशीच्या दशकात पेटलं. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात १९८० साली आर.ई.एम. हा बँड उभा राहिला. अमेरिकेतल्या विद्यापीठांना स्वतःची रेडिओ केंद्रं होती, विद्यार्थीच ती चालवत. मोठ्या कंपन्यांच्या रेडिओला न चालणारी गाणी या केंद्रांवरून रात्री-अपरात्री वाजत, आणि त्यातूनच ‘कॉलेज रॉक’ हा प्रकार रुजला. आर.ई.एम.ने १९८८मध्ये वॉर्नरसारख्या बड्या कंपनीशी करार केला, १९९१मध्ये ‘लूझिंग माय रिलिजन’ जगभर वाजलं. त्याच वर्षी निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि जानेवारी १९९२मध्ये बिलबोर्डच्या यादीत त्याने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुख्य प्रवाहात पोचले ते बँड म्हणून पोचले. गायक, गिटार, बेस, ड्रम असे सगळे एकत्र.

दिल्लीत कॉलेज रेडिओ नव्हता. आकाशवाणीची ‘युववाणी’ १९६९पासून होती आणि तिने अनेक तरुणांना माइकसमोर उभं केलं, पण ते केंद्र सरकारचं होतं, विद्यार्थ्यांचं नव्हे. रेडिओची जागा इथे कॉलेज फेस्टने भरून काढली. आयआयटीचा ‘राँदेव्हू’, दिल्ली विद्यापीठातल्या कॉलेजांचे महोत्सव, पिलानीचा ‘ओॲसिस’, मुंबईचा ‘मूड इंडिगो’. स्पर्धेत वीस-पंचवीस मिनिटं मिळत आणि त्यात डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन यांची कव्हर्स हुबेहूब वाजवली की मैदान ताब्यात येई. लोक मूळ गाणं ऐकायला आलेले असत, बँडचं गाणं नव्हे. स्वतःची रचना वाजवायला घेतली की मागच्या रांगा चहा प्यायला उठून जात. स्पर्धेची हीच रीत मला पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ वाटते. ती वाजवण्याची तयारी बघते, काय म्हणायचं आहे ते विचारत नाही.

या मैदानावर दीर्घकाळ टिकलेला बँड म्हणजे परिक्रमा. १७ जून १९९१ रोजी दिल्ली विद्यापीठातल्या मुलांनी तो सुरू केला. नितीन मलिक गात असे, सुबीर मलिक कीबोर्डवर आणि सोनम शेर्पा लीड गिटारवर. काश्मीरमधल्या अपहरणांवरचं त्यांचं ‘बट इट रेन्ड’ कॉलेजच्या मुलांना पाठ होतं. या बँडने कॅसेट कंपन्यांच्या मागे न लागता आपली गाणी इंटरनेटवर फुकट ठेवली, आणि तीही अशा काळात की बहुतेक घरांत इंटरनेट नव्हतं. २००७ साली बंगळुरूमध्ये आयर्न मेडनच्या कार्यक्रमाची सुरुवात त्यांनी केली, आणि त्याच वर्षी इंग्लंडमधल्या डाउनलोड महोत्सवातही ते वाजवून आले. सोनम शेर्पा २०२०मध्ये गेला. परिक्रमाने इंग्रजी सोडली नाही, कॅम्पस सोडला नाही. त्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण क्वार्टरच्या गच्चीवर पतंग उडवणाऱ्या मुलाच्या तोंडी त्यांचं गाणं कधी आलं नाही, हेही खरं.

युफोरियाचं उलट झालं. पलाश सेन हा युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसचा विद्यार्थी, १९८८मध्ये त्याने हा बँड काढला. सुरुवातीला तेही इंग्रजीतच गात. मग त्यांनी हिंदी धरली आणि १९९८मध्ये ‘धूम’ हा अल्बम आला. काळ अनुकूल होता. १९९४मध्ये चॅनल व्ही भारतात आलं होतं, पाठोपाठ एमटीव्ही, आणि अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने १९९५मध्ये दाखवून दिलं होतं की सिनेमाशिवायही कॅसेट विकली जाते. या वाहिन्यांना दिवसभर दाखवायला चित्रफिती हव्या होत्या. प्रदीप सरकार या जाहिरातकाराने युफोरियाच्या गाण्यांवर छोट्या गोष्टी रचल्या. ‘मायेरी’ पाहणाऱ्यांना तो रॉक आहे की काय, हा प्रश्नच पडला नाही. त्यात आई होती, प्रेम होतं, अंगण होतं. ‘कभी आना तू मेरी गली’मध्ये विद्या बालन दिसली, आणि पुढे त्याच सरकारांनी तिला घेऊन २००५मध्ये ‘परिणीता’ केला. म्हणजे गाण्याच्या चित्रफितीतून नायिका आणि दिग्दर्शक दोघेही सिनेमात गेले. बँड मात्र जिथे होता तिथेच राहिला.

सिल्क रूटचं उदाहरण अधिक बोचरं आहे. मोहित चौहान, अतुल मित्तल, केम त्रिवेदी, केनी पुरी या चौघांचा ‘बूंदें’ १९९८मध्ये आला. त्यातलं ‘डूबा डूबा’ आजही कुणीतरी गिटार हाती घेतली की वाजतंच. दुसरा अल्बम ‘पहचान’ २०००मध्ये आला, आणि मग वाहिन्यांचा वारा फिरला. सिनेमा कंपन्यांनी आपल्या गाण्यांच्या झलकांनी वाहिन्यांचा वेळ भरून टाकला, एमपी३च्या चोरट्या सीडी पालिका बाजारात पसरल्या, आणि सिनेमाबाहेरच्या गाण्यावर पैसे लावणारं कुणी उरलं नाही. सिल्क रूट विरला. मोहित चौहानचा आवाज मात्र २००६मध्ये ‘रंग दे बसंती’त आला, २००७मध्ये ‘जब वी मेट’मध्ये, २००९मध्ये ‘दिल्ली-६’च्या ‘मसक्कली’त. २०११च्या ‘रॉकस्टार’मध्ये इम्तियाज अलीने दिल्लीच्या हिंदू कॉलेजातल्या मुलाची रॉकस्टार होण्याची कहाणी सांगितली, आणि त्या नायकाचा गाता आवाज दिल्लीच्याच एका विरून गेलेल्या बँडच्या गायकाचा होता. ए. आर. रहमानची रचना अप्रतिम आहे, चौहान मनापासून गायला आहे. पण नायकामागे वाजवणाऱ्या माणसांना त्या सिनेमात चेहरा नाही.

माझ्या मते आपल्याकडचा फरक इथे आहे. आपला मुख्य प्रवाह म्हणजे सिनेमा, आणि सिनेमाला गळा लागतो, बँड लागत नाही. पार्श्वगायनाची व्यवस्था १९३०च्या दशकापासून गायकाला वाद्यवृंदापासून सुटं करून उभी राहिली आहे. तिला बँडमधून गायक उचलणं सहज जमतं. चौघांनी मिळून घडवलेला आवाज तिच्या साच्यात बसत नाही. मुंबईतही हेच दिसतं. पेंटाग्राम हा बँड १९९३पासून वाजवत होता, पण देशाने विशाल ददलानीला ओळखलं ते विशाल-शेखर या संगीतकार जोडीमुळे. त्याआधीच्या रॉक मशीन या बँडने ‘इंडस क्रीड’ असं नाव बदलूनही पाहिलं. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६पासून भरणाऱ्या इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाला हजारो मुलं जमत, पण तिथून थेट घराघरांत जाणारी वाट कधी तयार झाली नाही. पुण्याचा ‘अग्नी’ वाहिनीच्या कार्यक्रमांच्या गाण्यांमुळे तरुणांत पोचला, तोही हिंदीतून. पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजांत गल्लोगल्ली बँड असताना मराठीतून रॉक गाणारा एकही बँड घरोघरी पोचू नये, याची मला खंत आहे.

या सगळ्यांत एक बँड बँड म्हणूनच वेस ओलांडून गेला, आणि तो कसा गेला हे सविस्तर सांगायलाच हवं.

सुष्मित सेन आणि असीम चक्रवर्ती १९८४मध्ये भेटले, १९९०मध्ये त्यांनी ‘इंडियन ओशन’ हे नाव घेतलं. राहुल राम १९९१मध्ये बेस गिटार घेऊन आला. आयआयटी कानपूरहून रसायनशास्त्रात एम.एस्सी., कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी., आणि मग नर्मदा बचाओ आंदोलनात काम. ड्रमर अमित किलम १९९४मध्ये आला आणि चौकडी पूर्ण झाली. एचएमव्हीने १९९३मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला. मंचावर असीम मांडी घालून तबला वाजवत गायचा. सुष्मितची गिटार सरोदच्या जवळ जायची. फेस्टमधल्या मुलांना यात कव्हर नव्हतं, हेडबँगिंग नव्हतं, ओळखीचं काहीच नव्हतं.

१ जानेवारी १९९७ रोजी मंडी हाउसजवळ ‘सहमत’च्या कार्यक्रमात त्यांनी वाजवलं, आणि ते ध्वनिमुद्रण ‘डेझर्ट रेन’ म्हणून बाहेर आलं. ‘सहमत’ म्हणजे सफदर हाश्मी मेमोरियल ट्रस्ट. १ जानेवारी १९८९ला साहिबाबादजवळ झंडापूरमध्ये पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. दर नववर्षाच्या दिवशी दिल्लीचे कलावंत त्यांच्या आठवणीत जमतात. त्या मंडी हाउसच्या चौकाला लागूनच राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, श्रीराम सेंटर आहे, पथनाट्यवाल्यांचा अड्डा आहे. तिथला श्रोता कव्हर ऐकायला आलेला नव्हता, शब्द ऐकायला आलेला होता.

मग २०००मध्ये टाइम्स म्युझिकने ‘कंदिसा’ काढला. त्याच नावाचं गाणं म्हणजे केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची अरामाइक प्रार्थना. ‘हिल्ले ले’ची पाळंमुळं गोरख पांडे यांच्या कवितेत आहेत. हे क्रांतिकारक कवी जेएनयूत संशोधन करत होते आणि १९८९मध्ये तिथेच त्यांनी जीवन संपवलं. ‘मा रेवा’ हे नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीत, आंदोलनाच्या दिवसांत राहुल रामने उचललेलं. मराठी माणसाने हे गाणं ऐकताना अक्कलकुव्याचं मणिबेली आठवावं. सरदार सरोवराच्या बुडिताखाली महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, त्या लढ्याच्या नदीकाठचं हे गाणं दिल्लीच्या बँडने बेस गिटारवर चढवलं, आणि आयआयटीच्या मैदानावर हजारो मुलं नदीच्या नावाने एकसुरात गाऊ लागली. कोणत्याही कंपनीने हा विजय आखलेला नव्हता. माझ्या दृष्टीने लोकप्रियतेचा अर्थ हाच आहे.

सिनेमाही त्यांच्याकडे याच चौकातून चालत आला. अनुराग कश्यप हंसराज कॉलेजात शिकला आणि सफदर हाश्मींच्याच ‘जन नाट्य मंच’मध्ये पथनाट्यं करत होता. पीयूष मिश्रा राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडून दिल्लीतच वर्षानुवर्षं नाटक करत राहिले. कश्यपने १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांवर ‘ब्लॅक फ्रायडे’ केला, गाणी लिहिली मिश्रांनी आणि संगीत दिलं इंडियन ओशनने. खटल्याचा निकाल बाकी असल्यामुळे न्यायालयाने सिनेमा रोखला, तो प्रदर्शित झाला २००७मध्ये. पण संगीत २००५मध्येच बाहेर आलं होतं. सिनेमा डब्यात बंद असताना ‘बंदे’ कॉलेजांच्या वसतिगृहांतून फिरत होतं. सिनेमा या बँडला घेऊन लोकांपुढे गेला नाही. गाणं सिनेमाच्या आधी पोचलं, आणि ते चौघांचं म्हणून पोचलं.

२५ डिसेंबर २००९ला असीम चक्रवर्ती गेला. २०१०मध्ये बँडने ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम काढला. करोलबागच्या ज्या घरात ते वर्षानुवर्षं सराव करत, त्याचा हा पत्ता. अल्बममध्ये असीमचा आवाज आहे, आणि त्यातली गाणी दर महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली गेली. २०१३मध्ये सुष्मित सेनही बाहेर पडला. ज्या दोघांनी बँड सुरू केला ते दोघेही आता नव्हते. हिमांशु जोशी, निखिल राव, तुहीन चक्रवर्ती आले. ‘आता हा तोच बँड आहे का?’ असं दिल्लीत बरेच जण विचारत, आणि तो प्रश्न प्रामाणिक होता.

आज दिल्लीत वाट बदलली आहे. द लोकल ट्रेनने कंपनीशिवाय, यूट्यूबच्या जोरावर हिंदी रॉकसाठी मैदानं भरवली, पण २०२२मध्ये गायक रमन नेगी वेगळा झाला. प्रतीक कुहाडने इंग्रजीतूनच ‘कोल्ड/मेस’ गाऊन माझ्या भाषेच्या मांडणीला छेद दिला आणि २०१९मध्ये बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत जाऊन बसला. पण तो एकटा गातो. ब्लडीवुड हा मेटल बँड मात्र हिंदी-पंजाबीसह, ढोलासह, अख्खाच्या अख्खा २०१९मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात पोचला.

इंडियन ओशनविषयीच्या त्या प्रश्नाला २०१५मध्ये ‘मसान’ने उत्तर दिलं. नीरज घेवानच्या या पहिल्याच चित्रपटाला कान महोत्सवात दोन पारितोषिकं मिळाली. बनारसच्या घाटावरच्या या गोष्टीला संगीत दिलं ते नव्या फळीच्या इंडियन ओशनने. ‘तू किसी रेल सी’ची मूळ ओळ दुष्यंत कुमारांची, पुढचे शब्द वरुण ग्रोवरचे. गायला स्वानंद किरकिरे, इंदूरच्या मराठी घरातला आणि मंडी हाउसच्याच नाट्य विद्यालयात शिकलेला. इथे सिनेमाने बँडमधून गळा उचलला नाही. बँडने आपल्या गाण्यासाठी बाहेरून गळा आणला, आणि गाणं बँडचंच राहिलं.