किल्लारीचा दगड, दिव्याची रिंग

३० सप्टेंबर २०२५ ला किल्लारीच्या भूकंपाला ३२ वर्षे पूर्ण झाली. दर वर्षी त्या दिवशी स्मृतिस्तंभापाशी फुले वाहिली जातात, सलामी दिली जाते, वाहिन्यांवर जुनी दृश्ये पुन्हा दिसतात. अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून गाव झोपले होते, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे झाली होती, हे आपल्याला पाठ आहे. त्याची उजळणी इथे करत नाही. मला एका दगडाबद्दल लिहायचे आहे. तो किल्लारीच्या भिंतीत असायला हवा होता आणि नव्हता. आणि एका सळईच्या टोकाबद्दल लिहायचे आहे, जे मी राहतो त्या ठाण्याजवळच्या दिव्यात जसे वाकायला हवे तसे वाकवले जात नाही.

३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री अफगाणिस्तानातल्या कुनारमध्ये ६.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि दोन हजारांहून अधिक माणसे गेली. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता, सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. दोन्ही वेळा लोक झोपेत होते, दोन्ही भूकंप जमिनीत फार खोल नव्हते आणि दोन्हीकडची घरे दगडमातीची होती. एवढ्याच ताकदीचे हादरे जपान सोसतो आणि तिथे मृतांची संख्या अनेकदा एका हाताच्या बोटांवर मोजता येते. म्हणून बातमीतल्या तीव्रतेच्या आकड्याकडे माझे लक्ष फारसे जात नाही. भिंत कशी बांधली होती, हे मी शोधत राहतो.

किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी या पट्ट्यातली भिंत दोन-अडीच फूट जाडीची असायची. बाहेरून ती एकसंध, किल्ल्यासारखी दिसे. प्रत्यक्षात त्या दोन भिंती होत्या. बाहेरच्या अंगाला काळ्या दगडाचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिपा व माती भरलेली. वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर वर्षानुवर्षे आणखी माती चढवली जाई, त्यामुळे आजोबांच्या काळी बांधलेले छप्पर नातवाच्या काळापर्यंत कितीतरी जड झालेले असे. उन्हाळ्यात या घरात जो गारवा मिळतो तो कुठल्याही स्लॅबखाली मिळत नाही. मराठवाड्याच्या उन्हाला शोभणारे, गावातल्याच दगडालाकडाचे आणि सिमेंटचा कणही न लागणारे घर होते ते. आज ज्याला आपण पर्यावरणपूरक म्हणतो, ते तिथे शेकडो वर्षे उभे होते.

उणीव एका गोष्टीची होती. भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणारा लांब दगड तिच्यात नव्हता. भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार जाणारा दगड घालायला जुने गवंडी विसरत नसत. पण असा दगड शोधावा लागतो, घडवावा लागतो, त्याला पैसा आणि वेळ लागतो. तो नसला तरी भिंत उभी राहते, पन्नास वर्षे टिकते आणि कोणाला काही कळत नाही. जमीन हलते तेव्हा मात्र मधली भर खाली दबते, दोन्ही थर बाहेर ढकलले जातात, भिंत फुगते आणि उसवते. पुष्कळ घरांत माळवदाचे लाकडी खांब तसेच उभे राहिले आणि भिंती तेवढ्या अंगावर आल्या. भारतीय मानकात आज याचा साधा हिशेब दिलेला आहे: उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडवे जास्तीत जास्त १.२ मीटरच्या अंतराने एक आरपार दगड. गावातल्या कोणत्याही गवंड्याला चहा पिता पिता सांगता येईल इतका हा नियम सोपा आहे.

इथे आनंद स्वरूप आर्य यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. रुरकीचे हे प्राध्यापक २०१९ मध्ये गेले. पद्मश्री मिळूनही महाराष्ट्रात त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. किल्लारीनंतर मोठमोठे अभियंते ही घरे पाडून नवी बांधा, असे सांगत होते. आर्यांनी आयुष्यभर गरिबाच्या दगडविटांच्या घराचाच अभ्यास केला होता. त्यांचे म्हणणे होते की उभ्या असलेल्या भिंतीतही आरपार दगड घालता येतो. हलक्या हाताने एकेक दगड काढत भिंतीतून भोक पाडायचे, मधे अरुंद आणि दोन्ही तोंडांशी रुंद, डमरूसारखे. त्यात दोन्ही टोके वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. झाला दगड. भिंत मोकळी करायची नाही, छप्पर उतरवायचे नाही, कुटुंबाला बाहेर काढायचे नाही. राजेंद्र देसाई यांच्यासारख्या अभियंत्यांनी लातूरच्या गावांत राहून हे काम गवंड्यांच्या हातात बसवले. आपल्या राज्यात तयार झालेले एवढे स्वस्त, एवढे शहाणे तंत्र अभियांत्रिकीचे वर्ग सोडले तर फारसे कुठे शिकवले जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पुनर्वसनाचा इतिहास लिहिताना सगळे त्या ५२ गावांबद्दल लिहितात, जी पूर्ण उद्ध्वस्त झाली आणि नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचे कर्ज, दानशूर संस्था, ठेकेदार, सरळ रेषेत आखलेले रस्ते. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. घरे मिळाली, ती मजबूतही होती आणि त्या काळात सरकारने दाखवलेला वेग खरोखर कौतुकाचा होता. पण जुन्या गावात हाकेच्या अंतरावर असलेला शेजार नव्या गावात चार रस्ते पलीकडे गेला. गुरे, कडबा, अवजारे, दोन सुना आणि म्हातारी सासू हे सगळे २५० चौरस फुटांत कसे बसायचे? मग लोकांनी त्या मजबूत खोलीला पत्रे आणि विटा जोडल्या, आणि भूकंपाचा विचार केलेल्या घराला भूकंपाचा विचार न केलेले घर चिकटले.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुनर्वसनाच्या वर्गवारीतला 'क' वर्ग. १३ जिल्ह्यांतली सुमारे दोन लाख घरे अशी होती, जी पडली नव्हती, फक्त तडकली होती. तिथे ठेकेदार नव्हता. मदत घरमालकाच्या हाती द्यायची आणि दुरुस्ती त्याने करून घ्यायची, असे ठरले. पण त्याला सांगायचे कोणी? प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावागावांतल्या महिला मंडळांमधून बायका निवडल्या. त्यांना 'संवाद सहायक' असे नाव मिळाले. काल-परवापर्यंत ग्रामपंचायतीच्या पायरीवर न चढलेल्या या बायका हातात कागद घेऊन घरोघर फिरल्या. कोपऱ्यात सळई का हवी, दाराच्या वरून पट्टा का फिरवायचा, हप्ता कुठल्या टप्प्यावर मिळतो, गवंडी टाळाटाळ करत असेल तर काय विचारायचे, हे त्यांनी समजावले. २००१ मध्ये भूज हादरले तेव्हा याच भागातल्या बायका गुजरातला गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या.

हे काम पूर्ण यशस्वी झाले, असे मी म्हणणार नाही. मिळालेल्या पैशातून बहुतेक कुटुंबांनी जुनी दगडी भिंत मजबूत करण्याऐवजी शेजारी विटांची नवी खोली बांधली. दगडाची भीतीच इतकी बसली होती. ज्या दगडाने आईबाप घेतले, तो दगड चांगला आहे आणि फक्त एकमेकांना बांधायचा राहिला होता, हे पटायला एक पिढी लागते. तरीही, 'आपले घर कसे उभे आहे' हा प्रश्न लाखो लोकांनी स्वतःला विचारला असा महाराष्ट्रातला तो एकमेव प्रसंग. पुन्हा तो कधी विचारला गेला नाही. आणि हीच माझी दिव्याबद्दलची काळजी आहे.

मराठवाड्याचे दुखणे दिव्यावर का लादता, असे कोणी विचारेल. १९९३ मध्ये भूकंपाच्या नकाशावर किल्लारी क्षेत्र १ मध्ये होती, म्हणजे देशातल्या सर्वांत निर्धास्त जागांपैकी एक. १९९२ च्या ऑगस्टपासून तिथली जमीन हादरत होती, १८ ऑक्टोबरला मोठा धक्काही बसला होता, तरी नकाशा म्हणत होता की काळजी नाही. २००२ मध्ये क्षेत्र १ रद्द झाले आणि किल्लारी क्षेत्र ३ मध्ये गेली. त्या नकाशात ठाणे जिल्हाही क्षेत्र ३ मध्येच होता. दिव्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर डहाणू-तलासरीत २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि आदिवासी पाड्यांतली माणसे थंडीत तंबूत झोपली. २००१ मध्ये भूजजवळच्या केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या आणि एकट्या त्या शहरात सातशेहून अधिक माणसे मेली. त्यांतल्या कित्येक इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला होता. नदीच्या गाळावर वसलेल्या शहरात हादरा वाढतो आणि मोकळ्या तळमजल्याचे खांब आधी मोडतात.

आता दिवा पूर्वेला उतरून दातिवली, साबे, बेतवडे, आगासनच्या दिशेने चालत जा. खाडीकाठची जमीन, तिवरे तोडून आणि डेब्रिज टाकून केलेली भरणी. तळमजल्यावर ओळीने गाळे, रस्त्याच्या बाजूला भिंत नाही, फक्त शटर. वर पाच, सहा, सात मजले. पाण्याच्या टाक्या सगळ्यांत वर. अहमदाबादेत जे जे घातक ठरले, ते बहुतेक सगळे इथे एका गल्लीत सापडते.

आणि रिंग. कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून जी चौकट गुंडाळतात, तिला आपले फिटर रिंग म्हणतात. रिंगचे टोक काटकोनात न वाकवता आणखी आत, १३५ अंशांत वळवावे लागते, म्हणजे ते काँक्रीटच्या गाभ्यात रुतते. बीम आणि कॉलम जिथे भेटतात तिथे रिंगा दाट हव्यात, चार-चार इंचांच्या आत. काटकोनातला हुक एरवी काही बिघडवत नाही. इमारत हलायला लागली, वरचे काँक्रीट सुटले, की तो उघडतो, सळया बाहेर फाकतात आणि कॉलम चिरडतो. किल्लारीच्या भिंतीसारखेच पोट फुटते. हा नियम ज्या मानकात आहे तेही पहिल्यांदा १९९३ मध्येच आले. आयआयटी कानपूरमध्ये असताना सी. व्ही. आर. मूर्ती यांनी सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या २४ टिपणांत दगडाचीही गोष्ट आहे आणि रिंगचीही. एक रिंग नीट वळवायला फिटरला थोडा जास्त जोर आणि काही सेकंद लागतात. मी दिव्यात बांधकामांवर थांबून पाहत आलो आहे. काटकोनातल्या रिंगाच जास्त दिसतात. सांगणारा अभियंता तिथे नसतो, कारण कागदोपत्री ती इमारतच नसते.

इथले पुढचे मथळे सर्वांना माहीत आहेत. ४ एप्रिल २०१३, शिळफाट्याच्या लकी कंपाऊंडमध्ये इमारत कोसळून ७४ बळी, भूकंपाविना. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेश चतुर्थीच्या मध्यरात्री, विरारमध्ये तसेच १७. नोव्हेंबर २०२४ मध्ये खोट्या परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश, आणि जून २०२५ मध्ये शिळमधल्या १७ इमारतींचा. कायद्याने हेच व्हायला हवे, हे मी मान्य करतो. ज्यांनी बांधल्या आणि ज्यांनी बांधू दिल्या त्यांना तुरुंग दाखवा. पण उरलेल्या शेकडो इमारतींचे काय? त्या पाडल्या जात नाहीत आणि अधिकृतही होत नाहीत. कर्ज नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही, संरचनात्मक तपासणी नाही. समूह विकास योजनेची पाळी येईपर्यंत चौथ्या मजल्यावरचे कुटुंब त्याच कॉलमवर झोपणार आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की मजबुतीकरण आणि नियमितीकरण यांची गाठ सोडवा. गाळ्यांच्या मधोमध काही ठिकाणी पक्क्या भिंती घालता येतात, तळमजल्याच्या कॉलमना सळया-काँक्रीटचे जाड वेष्टण देता येते, टाक्यांचा भार कमी करता येतो. असे केल्याने इमारत कायदेशीर ठरणार नाही, हे महापालिकेने कागदावर लिहून द्यावे आणि काम करू द्यावे. याने बेकायदा बांधकामाला बळ मिळेल, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. रुग्णालय जखमीला पट्टी बांधते तेव्हा त्याच्याकडे गाडीचा परवाना होता का, हे आधी विचारत नाही. किल्लारीच्या 'क' वर्गात दोन लाख घरांना मदत दिली गेली तेव्हा कोणी नकाशा मंजूर होता का, असे विचारले नव्हते. आणि दिव्यात बचतगट आहेत, महिला मंडळे आहेत, पाण्यासाठी हंडे घेऊन मोर्चे काढणाऱ्या बायका आहेत. संवाद सहायक इथे शोधायला फार फिरावे लागणार नाही.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन गाळ्यांच्या मधल्या कॉलमचा गिलावा २०२५ च्या पावसाळ्यात सुटला. आत गंजलेली रिंग दिसते, काटकोनातली. २८ घरांनी वर्गणी काढायचे ठरवले, रक्कमही जमली. एका अभियंत्याला बोलावले. त्याने कॉलमवर हातोडी मारून आवाज ऐकला, वेष्टण कसे घालायचे ते भिंतीवर खडूने काढून दाखवले, खर्चही सांगितला. मग मंजूर नकाशा मागितला. नाही म्हटल्यावर खडू खिशात ठेवला आणि मी यावर सही करू शकत नाही, असे म्हणाला. खडूची ती आकृती अजून भिंतीवर आहे. वर्गणी सचिवांच्या घरी, पाकिटात आहे.