ओझे आणि वेग : जुन्या पिकअप गाडीचा कायापालट

बंगळूर शहराच्या वायव्येस यशवंतपूर हा भाग आहे. रेल्वेचे मोठे जंक्शन, मालमोटारींचा तळ आणि कृषि उत्पन्न बाजाराचे विस्तीर्ण आवार यांमुळे तेथे मालाची ने-आण अखंड चालू असते. महाराष्ट्रातील कांदाही वर्षानुवर्षे या बाजारात येत आला आहे. मोठ्या मालमोटारींतून उतरलेली पोती शहरातील पेठांत पोचविण्याचे काम लहान पिकअप गाड्या करतात. दहा-पंधरा वर्षे हे ओझे वाहिल्यावर गाडीचा हौदा पोचतो, फाळके वाकतात, आणि ती एखाद्या दुरुस्तीच्या कारखान्यामागे उभी राहते.

अशा निवृत्त गाडीपासून शर्यतीच्या मार्गावर चपळाईने धावणारे हलके वाहन तयार करता येईल काय? अनेक देशांत हौशी तंत्रज्ञ हा उद्योग करतात. प्रथमदर्शनी वाटते की, यासाठी फक्त अधिक ताकदीचे एंजिन हवे. परंतु गतिशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. आधी गाडीचे ओझे उतरवावे, आणि ते उतरविताना गाडीत बळ कोणत्या वाटेने वाहते हे पाहावे, असे ते शास्त्र सांगते.

वजनाचा हिशेब

न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार, बळ तेच राहिले आणि वस्तुमान कमी झाले, तर त्वरण त्या प्रमाणात वाढते. उदाहरणादाखल १,००० किलोग्रॅम वजनाची आणि ६० अश्वशक्तीच्या एंजिनाची एक जुनी पिकअप घेऊ. तिचे वजन २५० किलोग्रॅमने घटविले, तर उरलेल्या ७५० किलोग्रॅमपैकी प्रत्येक किलोग्रॅमच्या वाट्याला जेवढी शक्ती येते, तेवढी मूळ गाडीत मिळविण्यासाठी ८० अश्वशक्तीचे एंजिन बसवावे लागले असते. म्हणजे एंजिनाला हात न लावता २० अश्वशक्तींची कमाई झाली.

हीच गोष्ट ऊर्जेच्या भाषेत सांगता येते. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, या वेगाने धावणाऱ्या १,००० किलोग्रॅमच्या गाडीत २ लक्ष ज्यूल गतिज ऊर्जा असते. ७५० किलोग्रॅमच्या गाडीत ती दीड लक्ष ज्यूल होते. गाडीला वेग देताना एंजिनाला जेवढी ऊर्जा पुरवावी लागते, तेवढीच थांबविताना ब्रेकांना उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. वळणावर गाडीला वळवून धरणारे बळही वस्तुमानाच्याच प्रमाणात लागते. वाढीव अश्वशक्ती फक्त वेग घेताना उपयोगी पडते. उतरविलेले ओझे मात्र वेग घेताना, थांबताना आणि वळताना असे तीन ठिकाणी फळ देते.

चाकांच्या बाबतीत हे फळ अधिकच मोठे आहे. चाक पुढे जाते आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतेही. त्याच्या कडेवरील प्रत्येक किलोग्रॅमला पुढे नेण्याची आणि फिरविण्याची अशी दोन प्रकारची ऊर्जा द्यावी लागते, आणि हे दोन्ही वाटे सारखेच असतात. म्हणून चाकाच्या कडेवरून काढलेला एक किलोग्रॅम हा हौद्यातून काढलेल्या दोन किलोग्रॅमांच्या बरोबरीचा ठरतो.

काय काढावे, काय घालावे

आपल्या उदाहरणातील गाडीचे जमाखर्चाचे टिपण असे मांडता येईल. लोखंडी हौदा व फाळके काढून त्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा हौदा बसविला, तर ६० किलोग्रॅम वाचतात. टपावरील कॅरिअर व मागची जाळी यांचे ४५, सुटे चाक, जॅक व हत्यारे यांचे ३५, पाठीमागच्या जादा पाट्यांचे ४०, दोन जड बंपरांचे ३५, बाके व अस्तरे यांचे ३०, हलक्या चाकांमुळे २५, आणि बॉनेट व किरकोळ वस्तूंचे २०. अशी एकूण २९० किलोग्रॅमांची बचत होते. मात्र गाडी उलटली असता चालकाचे रक्षण करणारा पोलादी नळ्यांचा पिंजरा आत बसविलाच पाहिजे. त्याचे ४० किलोग्रॅम परत घालावे लागतात, आणि निव्वळ बचत २५० किलोग्रॅम उरते.

अ‍ॅल्युमिनियममुळे वजन का घटते, हेही समजून घेण्याजोगे आहे. या धातूची घनता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश आहे; पण त्याचा ताठपणाही सुमारे एकतृतीयांशच आहे. मग लाभ कोठून होतो? सपाट पत्रा वाकविण्यास होणारा विरोध त्याच्या जाडीच्या घनाबरोबर वाढतो. त्यामुळे पोलादी पत्र्याइतका ताठपणा मिळविण्यास अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तिप्पट जाड घ्यावा लागत नाही, सुमारे १.४ पट जाडी पुरते. इतक्या जाडीच्या पत्र्याचे वजन पोलादी पत्र्याच्या निम्म्याजवळ येते. बॉनेट, हौद्याचा तळ, फाळके अशा सपाट भागांना हा हिशेब लागू पडतो. सरळ ताण सहन करणाऱ्या दांड्याच्या बाबतीत मात्र ताठपणा केवळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या सरळ प्रमाणात वाढतो. तेथे तेवढाच ताठपणा राखायचा तर हा लाभ जवळजवळ नाहीसा होतो.

बळाची वाट

बहुतेक पिकअप गाड्यांचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे मिळून तो बनतो. चालकाची केबिन आणि हौदा हे त्यावर बोल्टांनी बसविलेले स्वतंत्र भाग असतात. गाडीवरील मुख्य बळे या शिडीतूनच वाहतात. म्हणून हौदा बदलला तरी गाडीच्या बळकटीत फारसा उणेपणा येत नाही. परंतु शिडीच्या तुळयांना वजन घटविण्याच्या मोहाने भोके पाडली, तर गाडीचा कणाच दुबळा होतो.

या शिडीचा एक जन्मजात दोष आहे. तिच्या तुळया पुष्कळदा एका बाजूने उघड्या, पन्हळीसारख्या असतात. वाकण्यास त्या चांगला विरोध करतात, पण पिळास नाही. याचा पडताळा वाचकांना घरी घेता येईल. जाड पुठ्ठ्याची एक नळी घेऊन तिची दोन टोके दोन हातांनी पिळावीत. ती सहसा पिळली जात नाही. मग कात्रीने नळी लांबीच्या दिशेने एका बाजूस चिरावी आणि पुन्हा पिळावी. ती सहज पिळली जाते. पुठ्ठा तोच, वजन तेच, तरी ताठपणा गेला. गणिताने पाहता, ५० मिलिमीटर व्यासाच्या आणि २.५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीला अशी चीर दिली, तर पिळाविरुद्धचा तिचा ताठपणा सुमारे ३०० पटींनी घटतो. वेळूच्या पोकळ कांडीचे सामर्थ्य याच तत्त्वात आहे. चालकाच्या रक्षणासाठी घातलेला नळ्यांचा पिंजरा सांगाड्याशी कुशलतेने जोडला, तर तो गाडीचा पीळही आवरतो. परत घातलेले ते ४० किलोग्रॅम अशा रीतीने दुहेरी कामास येतात.

रिकाम्या हौद्याची अडचण

पिकअप गाडी भरल्या हौद्यासाठी आखलेली असते. हौदा रिकामा असताना तिच्या पुढच्या चाकांवर बहुधा मागच्यांपेक्षा अधिक भार असतो. अनेक जुन्या पिकअप गाड्यांत एंजिनाचे बळ मागच्या चाकांना मिळते. ज्या चाकांनी गाडी ढकलायची, त्यांच्यावरच भार कमी, त्यामुळे ती जागीच गरगर फिरतात. यावर उपाय वजन वाढविण्याचा नसून वजनाची जागा बदलण्याचा आहे. पुढच्या आसावर असलेली २० किलोग्रॅमची बॅटरी मागच्या आसावर नेली, तर पुढचा भार २० किलोग्रॅमने घटतो व मागचा तितकाच वाढतो. एकूण वजन मात्र बदलत नाही.

मागचे पाटे काढतानाही विचार हवा. पाटे एक टनाच्या ओझ्यासाठी असतील, तर रिकामी गाडी प्रत्येक खाचखळग्यावर उसळते आणि चाक जमिनीपासून सुटते. काही पाटे काढले की स्प्रिंग मऊ होते. पण या गाड्यांत पाटे केवळ ओझे पेलीत नाहीत. ते मागचा आस जागच्या जागी धरून ठेवतात आणि एंजिनाच्या बळाने आसास बसणारा पीळही सोसतात. पाटे कमी केले की जोराने निघताना उरलेले पाटे वळतात व मागची चाके थडथडतात. म्हणून पाट्यांबरोबर आस आवरणारे दांडे बसवावे लागतात. एका भागाचे वजन काढताना त्याच्याकडे असलेली दुसरी कामे कोणाकडे सोपवायची, हे आधी ठरवावे लागते.

ब्रेकांचेही तसेच आहे. ब्रेक लावला की भार पुढे सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. जड ओझ्यासाठी आखलेले मागचे ब्रेक हलक्या गाडीत चाके एकाएकी जखडून टाकतात. अशी गाडी घसरून स्वतःभोवती फिरू शकते. पुढील व मागील ब्रेकांतील दाबाची वाटणी नव्या वजनानुसार पुन्हा ठरविली नाही, तर हलकेपणाच चालकाच्या जिवावर बेतेल.

विमानांनी शिकविलेला धडा

हलकेपणाचे हे शास्त्र मोटारींच्या आधी विमानांनी जोपासले, आणि यशवंतपूरला त्याचा शेजार लाभला आहे. जवळच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली विमानविद्येचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीत डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी अभियंत्याचा मोठा वाटा होता. त्यांनी जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे लुडविग प्रान्ट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले होते. पुढे बंगळूरमधील हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात त्यांच्या नेतृत्वाखाली ‘एचटी-२’ हे दोन आसनांचे शिकाऊ विमान आखले गेले. ऑगस्ट १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. संपूर्ण धातूच्या या विमानाचे रिकामे वजन सुमारे ७०० किलोग्रॅम आणि एंजिन १५५ अश्वशक्तीचे होते. दोन माणसांना घेऊन आकाशात जाणारे हे यंत्र आपल्या उदाहरणातील पिकअप गाडीहून हलके होते.

मोटारींच्या जगात हाच विचार इंग्लंडमधील कॉलिन चॅपमन यांनी रुजविला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी बांधकामाच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. १९४८ मध्ये त्यांनी एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीवर हलके नवे शरीर चढवून आपली पहिली स्पर्धेची मोटार बनविली. १९५७ सालची त्यांची ‘लोटस सेव्हन’ ही नळ्यांच्या सांगाड्याची मोटार लहान एंजिनावर चपळ धावण्यासाठी नावाजली. १९६२ मध्ये त्यांनी ‘लोटस २५’ या शर्यतीच्या मोटारीत स्वतंत्र सांगाडा काढून टाकला आणि विमानाप्रमाणे पत्र्याच्या बंद पेटीवरच सारा भार सोपविला. या सर्वांची सुरुवात मोडीत निघू शकणाऱ्या एका जुन्या, लहान गाडीपासून झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रस्ता आणि शर्यतीचा मार्ग

येथे कायद्याची मर्यादा सांगणे अगत्याचे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून वेगळे होईल असे परिवर्तन नोंदणीकृत गाडीत करता येत नाही. काही ठरावीक फेरफारच परवानगीने करता येतात. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व पुन्हा अधोरेखित केले. या निर्बंधामागील कारण वरील विवेचनातूनच स्पष्ट होते. ब्रेक, पाटे आणि सांगाडा परस्परांशी इतके बांधलेले असतात की, एकात केलेला अविचारी बदल दुसऱ्यात दोष निर्माण करतो, आणि सार्वजनिक रस्त्यावर त्याची किंमत पादचाऱ्यालाही द्यावी लागते. म्हणून अशा गाडीची जागा बंदिस्त शर्यतीच्या मार्गावरच आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे आणि कोइमतूरजवळ असे मार्ग आहेत.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक वाट खुली आहे. ‘बाहा एसएई इंडिया’ या स्पर्धेत अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ खडबडीत जमिनीवर धावणारी एकआसनी गाडी स्वतः आखतात व बांधतात. या स्पर्धेच्या पेट्रोल विभागात सर्व संघांना सुमारे १० अश्वशक्तीचे एकाच जातीचे एंजिन वापरावे लागत आले आहे. अश्वशक्ती सर्वांची सारखीच असल्यामुळे स्पर्धा साहजिकच वजनाची, सांगाड्याच्या आखणीची आणि टिकाऊपणाची होते. संरक्षक पिंजऱ्याच्या नळ्या किती जाड असाव्यात, याचे नियम कडक असतात. तेथे वजन वाचविण्याची मुभा नसते.

जुनी पिकअप हलकी करू पाहणाऱ्या तंत्रज्ञालाही याच शिस्तीने जावे लागते. त्याने प्रथम गाडीचा प्रत्येक भाग तोलावा, तो कोणकोणती कामे करतो याची नोंद करावी, आणि मगच करवत हाती घ्यावी. जो भाग केवळ पोती वाहण्यासाठी होता, तो निःशंकपणे काढावा. जो भाग चाक, आस, ब्रेक किंवा माणूस यांपैकी कशाचाही आधार आहे, त्याला पर्याय दिल्यावाचून हात लावू नये. असा हिशेब ठेवला, तर बाजाराच्या आवाराबाहेर गंजत पडलेली गाडीही गतिशास्त्राची उत्तम प्रयोगशाळा होऊ शकते.